पाईकराव काकांच्या माशाला गाठी आल्या

पाईकराव काका माणसाला आधी रागावतात आणि मग ओळखतात. सकाळी मी लॅबचं शटर वर करते, त्या आवाजाबरोबर शेजारच्या ओट्यावरून त्यांचं पहिलं वाक्य येतं, "कोन हाय तिकडं? काय आदळआपट लावली?" मी म्हणते, मी आहे काका, सुनीता, रोजच्यासारखी. "मंग तोंडानं सांगायचं न्हाई का," म्हणून ते पुन्हा रागावतात. दहा वर्षं मी तेच शटर त्याच वेळेला उघडते आहे. मी नमस्कार केला तर ते जयभीम म्हणतात, पण तेही दमात घेतल्यासारखं.

हिंगोलीत आमच्या गल्लीत माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे आणि तिच्या भिंतीला भिंत लावून काकांचं घर. काका पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झाले. सगळी नोकरी सेनगाव तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली. साखरा गावापासून पुढच्या वाड्या-तांड्यांपर्यंत मोटारसायकलवर फिरून त्यांनी बैलांना इंजेक्शनं दिली आणि बैलांच्या मालकांना शिव्या दिल्या. त्यांना डॉक्टर म्हणावं तर "मी डॉक्टर न्हाई, पर्यवेक्षक हाय, खोटं कायले बोलता" असं ऐकून घ्यावं लागतं. न म्हणावं तर "तीस वर्सं ढोरं वाचोली, डॉक्टर म्हनायला जीभ जड होती का" हे ऐकावं लागतं. गल्लीने यातून मार्ग काढला आणि त्यांना काका म्हणायला सुरुवात केली. त्यावर ते म्हणाले, "मी काय तुमच्या बापाचा भाऊ हाय का?"

रागावून झालं की विचारपूस. पण ती माणसाची नव्हे, जनावराची. "चारापाणी बराबर? पोट साफ? बसल्यावर उठता येतं का?" माझे सासरे एकदा गावाकडून आले होते, त्यांना काकांनी ओट्यावर बसवून हे सगळं विचारलं, वर जीभ बाहेर काढायला लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरे मात्र खूश. म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मुद्द्याचं विचारलं.

काकांचं सगळं शास्त्र त्यांच्या उजव्या अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत होतं. रस्त्याने जाणारी कोणाचीही गाय असो, ते तिला थांबवणार, जबड्याखाली, खांद्यापुढे, मांडीच्या सांध्यात बोटं घालणार, डोळे मिटणार आणि निकाल देणार. गाठ त्यांच्याकडे धान्यात मोजली जायची. ज्वारीएवढी, तुरीएवढी, हरभऱ्याएवढी, त्यापुढे लिंबू आणि कवठ. मग पुढचं वाक्य. "रुतलेली हाय, परभनीच्या मोठ्या दवाखान्यात न्या," किंवा "हालती हाय, चरबीची हाय, सोडून द्या." किराणावाल्याच्या मानेवरचं आवाळू त्यांनी असंच दाबून सोडून द्यायला सांगितलं आणि ते खरोखर निरुपद्रवी निघालं. तेव्हापासून गल्लीतले लोक डॉक्टरकडे जायच्या आधी काकांच्या ओट्यावर जात. माझ्या धंद्यावर त्याचा परिणाम व्हायचा, हे मी इथे नोंदवून ठेवते.

आणि केसपेपर. दवाखान्याची सवय अशी मुरलेली की घरातल्या प्रत्येक गोष्टीचा केसपेपर निघतो. वहीची पानं आडवी आखून ते स्वतःच तयार करतात. पंख्याचा मी डोळ्यांनी पाहिला आहे. प्रकार: पंखा. रंग: पूर्वी पांढरा. लक्षणे: कण्हतो, एका अंगाला झुकतो. उपचार: तेल. पुन्हा दाखवणे: आठ दिवसांनी. परभणीच्या जावयाचाही एक आहे म्हणतात, त्यात लक्षणांपुढे "खातो बरा, कामाला जुंपला की बसतो" असं लिहिलेलं आहे. तो लेकीने फाडला, काकांनी दुसरा केला.

हे सगळं मी हसत सांगते आहे खरी, पण मला या माणसाचा राग होता. साधासुधा नाही, चांगला दोन वर्षं जपलेला. तो कशाचा हे आधीच सांगते.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या बायकोला, शांतामावशींना, छातीत गाठ निघाली. कळेपर्यंत उशीर झाला होता. नांदेडला ऑपरेशन झालं, नंतर किमो. दर खेपेला नांदेडला जायच्या आधी रक्त तपासून न्यावं लागे आणि ते माझ्याकडे व्हायचं. मावशी यायच्या एकट्या. घरापासून माझ्या दारापर्यंत दहा पावलं आहेत, ती त्या भिंतीला धरून चालायच्या. मी सुई टोचायची, त्या खिडकीकडे बघायच्या. आणि काका बाहेर रस्त्यावर उभे राहून रिक्षावाल्यांना ओरडत असायचे. एकदाही उंबरठ्याच्या आत आले नाहीत. ज्या माणसाला चालत्या बैलाचा सुजलेला खांदा दुरून दिसतो, त्याला बायकोचा दंड धरून दहा पावलं येता येत नव्हतं. मला त्यांचं तोंड बघू नये असं वाटायचं, पण शेजार असा की ते बघावंच लागायचं.

ऑपरेशननंतर मावशींचा डावा हात सुजला. अशा ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढतात, त्यानंतर काहींना ते होतं. हात रोज खालून वर चोळायला सांगितलेला. मावशी तो उजव्या हाताने चोळत बसायच्या. किमोच्या काळात जनावरांजवळ नको म्हणून त्यांच्या दोन शेळ्या नरसीला बहिणीकडे गेल्या होत्या. त्या गेल्यावर घर खायला उठलं. मग लेकीने परभणीहून काचेची पेटी आणली आणि त्यात एक गोल्डफिश. "आई, याला ना वास, ना केस," ती म्हणाली. मावशींनी त्याचं नाव ठेवलं सोन्या. आधी ते त्यांच्या माहेरच्या बैलाचं होतं.

काकांना सोन्या पटला नाही. "ज्याला कान न्हाईत त्याला टॅग कुठं मारायचा?" हा त्यांचा पहिला आक्षेप. दुसरा, तो दिवसभर तोंड हलवतो आणि रवंथ मात्र करत नाही. तरी आठ दिवसांत ते त्याला सरकीची ढेप कुस्करून घालायला लागले. पाणी गढूळ झालं, सोन्या उलटा व्हायच्या बेतात आला, तेव्हा मावशींनी ढेपेचा डबा लपवला. त्या दिवशी काका गल्लीतल्या प्रत्येकाला रागावले, ज्यांच्या घरी मासा नव्हता त्यांनासुद्धा.

मावशींचं मात्र त्या माशापायी बरं चाललं होतं. सकाळी त्याच्यासमोर बसून हात चोळायचा, त्याच्याशी बोलायचं, त्याला दाणे टाकायचे. त्यांच्या तोंडावर जरा रक्त दिसायला लागलं होतं. आणि मग गेल्या हिवाळ्यात सोन्याच्या अंगावर गाठी आल्या.

त्या पहिल्यांदा मावशींनाच दिसल्या. मी त्यांच्याकडे ताक मागायला गेले होते. त्या पेटीजवळ वाकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "सुनीता, हे काय आलं गं याला?" उजव्या डोळ्यावर एक पांढरट दाणा, पाठीवर एक, आणि शेपटीच्या बुडाशी एक मोठी. काका मागून आले, काचेतून पाहिलं. पण पाण्यात बोट घातलं नाही, हे मला तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं. मग त्यांनी नळाच्या पाण्याला शिव्या दिल्या, खिडकीतल्या उन्हाला दिल्या, मासे विकणाऱ्याच्या खानदानाला दिल्या.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "याला माझ्यासारखंच झालं आसंल तर मला खरं सांगा. जानत्या मानसाला इचारून या. आंदाजानं काही सांगू नका."

काका तसेच चप्पल घालून निघाले.

पुढचे पंधरा दिवस हिंगोली शहराला त्या माशाने वेठीस धरलं. मासे विकणारा पोरगेला दुकानदार म्हणाला, "काका, तो टाकून द्या, दुसरा देतो, वर एक काळा फुकट." काका त्याच्यावर असे धावून गेले की त्याने शटर ओढलं. कोणी मीठ टाका म्हणालं, कोणी हळद. हळद त्यांना पटली, कारण जखमी बैलाला ते हळद लावत. चमचाभर हळदीने पेटीतलं पाणी वरणासारखं झालं आणि सोन्या त्यात दिसेनासा झाला. मावशींनी एका हाताने, अर्धा दिवस खपून, पाणी बदललं. जनावरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बिचारीने गाठींचा फोटो काढून ओळखीतल्या माशांच्या तज्ज्ञाला पाठवला. उत्तर आलं: साधी गाठ असू शकते, विषाणूमुळे असू शकते, वाईटही असू शकते, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

हे उत्तर घेऊन काका गल्लीभर फिरले. "तीन-तीन आसू शकतं. तीन. मी तीस वर्सांत एकदाबी आसू शकतं म्हनलो न्हाई. हाय म्हना न्हाई तर न्हाई म्हना."

आणि एका सोमवारी, माझ्याकडे उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची रांग लागलेली असताना, ते सोन्याला बादलीत घालून सरळ आत आले. उंबरठा ओलांडून, रांग मोडून, माझ्या टेबलापर्यंत. बादली माझ्या रजिस्टरवर ठेवली आणि शेजारी केसपेपर. मालकाचे नाव: शांताबाई पाईकराव. प्रकार: मासा. रंग: तांबडा, पोटाशी पिवळा. शिंगे: नाहीत. नर/मादी: पाहणे बाकी. चारा: खातो. लक्षणे: गाठी तीन, डोळ्यावर ज्वारी, पाठीवर तूर, बुडाशी हरभरा.

"तपासा," ते म्हणाले.

"काका, मी माणसांचं रक्त तपासते."

"रगत ते रगत. शेपटीच्या बुडातून निघतं. मी धरतो पेशंट, तुमी सुई लावा. न्हाई तर गाठीचा तुकडा काढून काचंवर घ्या."

रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "ताई, मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही."

"मंग काय झालं? तुमाले उपास घडलेलाच बरा हाय," काका त्यांच्या पोटाकडे पाहून म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "इतकी घाई आहे तर तुम्हीच दाबून बघा की. अख्ख्या गल्लीच्या गाठी दाबल्यात, याचीच का नाही दाबत?"

"मी हात लावनार न्हाई."

"का?"

"न्हाई लावनार. तुमी मशीन लावा."

आणि मग मी ते बोलले. दोन वर्षं साठवलेलं सगळं, आठ-दहा लोकांदेखत. म्हणाले, "बायकोचं रक्त द्यायचं होतं तेव्हा या उंबरठ्याच्या आत आला नाहीत तुम्ही. ती भिंतीला धरून यायची. आणि आज माशासाठी रांग मोडून आलात. लाज वाटत नाही?"

मला वाटलं, आता बादली माझ्या अंगावर येणार. मी तयारच होते, मलाही भांडायचं होतं. पण काकांनी बादली उचलली, केसपेपर घडी करून खिशात घातला आणि निघून गेले. दारात एका बाईचा पाय त्यांच्या पायावर पडला, तिलासुद्धा काही म्हणाले नाहीत. उपाशी गृहस्थ म्हणाले, बरं झालं ताई, असंच पाहिजे. मला मात्र दिवसभर काही गोड लागलं नाही.

सहा दिवसांनी, रविवारी, मावशींनी मला हाक मारली. काका सोन्याला सिद्धेश्वरच्या धरणावर घेऊन निघाले होते. ज्यांचा जन्म माशांत गेला त्या भोयांना विचारणार. "तू जा गं त्यांच्यासंगं," मावशी म्हणाल्या. "आयतवार हाय, तुजी लॅब बंद हाय. ते कोनाशी तरी भांडतेन, आन् सोन्या सांडंल."

मी नाही म्हणणार होते. पण मावशी सुजलेला हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांना एवढं एकच खरं हवं होतं.

औंढ्यापर्यंत आम्ही काळीपिवळीत गेलो. काका पुढे, मांडीवर बादली, बादलीवर ओलं फडकं. मागच्या सीटवरच्या एका म्हातारीने फडकं उचलून पाहिलं आणि विचारलं, "कालवनाला येवढा एकच नेऊन राहिले का?" पुढचे तीन किलोमीटर काका तिला बोलत होते आणि ती शांतपणे तंबाखू मळत होती. ड्रायव्हरला त्यांनी बजावलं, "खड्डे पाहून चालव, गाडीत पेशंट हाय." ड्रायव्हरने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यासाठी गाडी हळू केली. मी त्याला काही सांगायला गेले नाही. काका माझ्याशी मात्र एक शब्द बोलले नव्हते.

धरणाच्या काठावर जाळी वाळत घातली होती. एक म्हातारे भोई सकाळचे रोहू-कटला वेगळे करत बसले होते. काकांनी त्यांच्यासमोर बादली ठेवली आणि केसपेपर वाचून दाखवला, शिंगं नसल्याच्या नोंदीसकट. भोईबाबांना हसू आलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. त्यांनी आधी हात पाण्यात बुडवला, तसाच थोडा वेळ ठेवला, आणि मग सोन्याला खालून तळव्यावर घेतलं. सोन्या फडफडला नाही. त्यांनी एका बोटाने गाठी पाहिल्या.

"येतेत जाळ्यात आसे कधीमधी," ते म्हणाले. "कोनी चार-चार पावसाळे काढते, कोनी चार दिस. कशाच्या गाठी हायेत ते मले न्हाई कळत, मालक. तुमी ढोराचे डॉक्टर म्हनता ना? तुमीच पाहा दाबून."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. पर्यवेक्षक साहेब, ज्यांनी माझ्या सासऱ्यांची जीभ बाहेर काढायला लावली होती, ते त्या बोटभर माशापुढे हात लपवून उभे होते.

ते माझ्याकडे वळले. आवाज नेहमीचाच, चिडलेला. "तुमी त्या दिवशी लोकांदेखत बोलल्या. बराबर बोलल्या. पन आर्धंच बोलल्या."

मग भोईबाबांच्या तळव्यावरच्या सोन्याकडे बघत ते म्हणाले,

"तिनं मले दाखोली होती. सगळ्यात आधी. सयपाकघरात, हातात भाकरीचं पीठ, म्हने जरा पाहा बरं हे काय हाय. मी डोळे मिटून दाबली. हरभऱ्याएवढी होती. बोटाखाली हालली. म्हनलो, हालती हाय, चरबीची हाय, सोडून दे. तिनं सोडून देली. मी म्हनलो म्हनून. आठ महिने, बाई. आठ महिन्यांनी लिंबाएवढी झाली तवा नांदेडला नेली."

भोईबाबांनी सोन्याला हळूच पाण्यात सोडलं आणि आपले मासे निवडायला घेतले.

"तिथल्या डॉक्टरनं इचारलं, आधी कोनाला दाखोली होती का? ती म्हनली, न्हाई, कोनाला न्हाई. मी बाजूलाच उभा. माझ्याकडं पाह्यलंबी न्हाई तिनं. घरी आल्यावरबी कधी काढलं न्हाई. शिव्या देल्या आसत्या तर बरं झालं आसतं. तवापासून मी तिला हात लावला न्हाई. ह्या हाताचा आता भरवसा न्हाई मले. तुमच्या लॅबमंदी येऊन काय करू? तुमी रगत काढनार, ती माझ्याकडं पाहनार." मग पुन्हा आवाज चढवून म्हणाले, "आन् तुमी म्हनता लाज वाटत न्हाई."

मला रडू आलं नाही, राग आला. त्यांचा आला, कारण त्यांनी आठ महिने घालवले. मावशींचा आला, कारण त्यांनी डॉक्टरसमोर काकांना वाचवलं. आणि माझा स्वतःचा सगळ्यात जास्त आला, कारण मी दहा लोकांसमोर शहाणी झाले होते. रक्त तपासणारी मी, पण मलाही दोन वर्षं समोरचं कळलं नव्हतं.

भोईबाबा मान वर न करता म्हणाले, "खातो का तो?"

"खातो," काका म्हणाले.

"मंग घरी न्या. ऊन लागून राहिलं त्याला."

सोन्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. तो आहे. डोळ्यावरची गाठ एक दिवस आपोआप गळून पडली, बाकीच्या दोन तशाच आहेत, आणि त्या कशाच्या आहेत हे आजतागायत कोणालाही माहीत नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा चार वाजले असतील, बादली आता माझ्या हातात होती. मावशी दारातच होत्या. त्यांनी बादलीत पाहिलं, सोन्याने तोंड हलवलं. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. "काय म्हनले?"

मला वाटलं, आता भोयाला शिव्या, धरणाला शिव्या, काळीपिवळीला शिव्या. काका बराच वेळ चप्पल काढत राहिले.

"कळत न्हाई म्हनले," ते म्हणाले. "मलेबी कळत न्हाई, शांता. चांगलं हाय का वाईट हाय, काही सांगता येत न्हाई."

मावशींनी मान हलवली. बादली त्यांनी माझ्याकडून घेतली, सोन्याला पेटीत सोडलं, त्याला दोन दाणे टाकले, पदराला हात पुसले. आणि मग त्या वळल्या. बारा महिने चोवीस तास हळू बोलणारी ती बाई मी अशी कधी पाहिली नव्हती.

"मासा घिऊन धरनापर्यंत जाता तुमी. त्याच्यासाठी सारं गाव पालथं घालता. आन् मले दाराआडून पाहता. तुमाले काय वाटतं, तुमी तवा चरबीची म्हनलात त्याचा मले राग हाय? तुमाले कळलं न्हाई, मलेबी कळलं न्हाई, झालं ते झालं. त्याचा राग मी कवाच सोडला. पन दोन वर्सं झाली, तुमी माझ्या शेजारी बसला न्हाईत. त्याचा हाय. लई हाय."

काका भिंतीपाशी उभे. मावशींनी डावा हात पुढे केला. कोपरापासून मनगटापर्यंत सुजलेला, बांगडी कधीच काढून ठेवलेली.

"हा एका हातानं चोळू चोळू दुसराबी दुखून राहिला माझा. दाबायचं न्हाई, वळखायचं न्हाई, कोनाला काही सांगायचं न्हाई. नुस्तं चोळायचं, खालून वर. येवढं येतं का तुमाले?"

काका मोरीत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालला. परत आले तेव्हा बाह्या वर केलेल्या होत्या आणि हात कोपरापर्यंत ओले. त्यांनी ते टॉवेलने पुसले, एकेक बोट वेगळं करून पुसलं. मग मावशींच्या पायाशी जमिनीवर बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी काय पाहून राहिल्या? घरी काम न्हाई का?"

मी चपला शोधायला लागले. मागे मावशी म्हणाल्या, "मनगटापासून घ्या."

"दुखलं तर सांग," काका म्हणाले.

"सांगीन," मावशी म्हणाल्या, "ह्या खेपंला सांगीन." मी दार ओढून घेतलं.